सांगली-मिरजेत रिटायरमेंट : अडीच वर्षं राहून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा हॉटेलचा नाही की मिक्सरचा नाही, अख्ख्या गावाचा रिव्ह्यू आहे. रिटायर झाल्यावर कुठं राहायचं हे शोधताना आम्हाला असं सविस्तर लिहिलेलं काहीच मिळालं नव्हतं, जे होतं ते सगळं बिल्डरांच्या जाहिराती. म्हणून म्हटलं आपणच लिहू, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आम्ही डोंबिवलीचे. बत्तीस वर्षं तिथं काढली. ह्यांना दमा आणि मला गुडघ्यांचा त्रास. जून उजाडला की भिंतींना ओल, कपाटात बुरशी, चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवायचे आणि रात्री दोन वाजता हे उठून खिडकीशी बसलेले. शेवटच्या पावसाळ्यात दोनदा ॲडमिट करावं लागलं तेव्हा छातीच्या डॉक्टरांनीच विषय काढला, म्हणाले कोरड्या हवेच्या ठिकाणी राहून बघा, पण एक लक्षात ठेवा, हवा बदलली म्हणून इन्हेलर सोडायचा नाही. हे वाक्य मी फ्रीजवर लिहून ठेवलंय, अजून आहे.

मग शोध सुरू. पुणं बजेटच्या बाहेर आणि गर्दी तीच. नाशिकची हवा छानच पण आम्हाला हवा तसा फ्लॅट परवडेना. सातारा मला मनापासून आवडलेलं, पण ते घाटाच्या इतकं जवळ की पावसाळा बऱ्यापैकी ओला. सोलापूर खरंखुरं कोरडं, माणसं प्रेमळ, दवाखाने चांगले, पण एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड. छत्रपती संभाजीनगरलाही पाण्याचं तेच रडगाणं, तिथं माझी चुलत नणंद राहते, तिच्या घरी पाण्याच्या दिवशी कुणी बाहेर पडत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या माणसांनी बादल्या भरत बसायचं का, हा प्रश्न होता. लातूरचाही विचार झालेला, पण 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं ते आठवलं. आणि ती पाण्याची गाडी भरायची कुठून तर मिरजेतून, कृष्णेचं पाणी. हे बोलता बोलता ह्यांच्या तोंडून निघालं, "अगं मग जिथून पाणी गेलं तिथंच बघूया ना."

तर सांगली-मिरज. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 पासून एकच महापालिका आहे, 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास लोकवस्ती. म्हणजे सगळं मिळतं पण कुठंही जायला अर्धा तास पुरतो असं गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. तिकडं महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि दीडशेएक किलोमीटरवर आमच्याकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. साधारण 550 मीटर उंची असल्यामुळे उन्हाळ्यात दिवस तापला तरी रात्री उकाडा मुंबईसारखा अंगाला चिकटत नाही. गच्चीवर झोपलं तर पहाटे चादर ओढावी लागते.

आणि मिरजेच्या हवेचं कौतुक आजचं नाही. वॉन्लेस नावाचे मिशनरी डॉक्टर इथं आले आणि 1894 मध्ये त्यांनी हॉस्पिटल उघडलं, पुढं टीबीच्या पेशंटसाठी सॅनिटोरियम निघालं, ते ज्या भागात होतं तो भाग आजही वॉन्लेसवाडी म्हणूनच ओळखला जातो. टीबीवर औषधं नव्हती त्या काळात कोरडी मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं हेच औषध होतं. छातीच्या पेशंटला मिरजेला न्या, ही आमच्या आजीच्या पिढीची बोली होती, तिच्या तोंडून मी लहानपणी ऐकलेलं. मिरजेच्या स्टेशनवर पहिल्यांदा उतरले तेव्हा मला तिचीच आठवण झाली, खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं.

आता महत्त्वाचं. आम्ही लगेच घर घेतलं नाही. आधी जानेवारीत पंधरा दिवस, मग एप्रिलच्या शेवटी दहा दिवस, मग ऑगस्टमध्ये पूर्ण महिना, असं भाड्याच्या खोलीत राहून बघितलं. मी प्रत्येकाला हेच सांगते की कुठल्याही गावाची परीक्षा हिवाळ्यात करू नका. जानेवारीत महाराष्ट्रातलं कुठलंही गाव गोडच लागतं. द्राक्षं स्वस्त, हुरडा, निळं आकाश, ह्यांना पंधरा दिवसांत एकदाही धाप लागली नाही, आम्ही तर तिथंच बयाणा द्यायला निघालो होतो.

नशीब दिला नाही. कारण त्या वेळी जे घर पसंत पडलं होतं ते सांगलीत नदीच्या बाजूला होतं. बैठं, दोन खोल्या पुढं दोन मागं, अंगणात पारिजात, नुकताच रंग दिलेला, किंमतही बरी. दाखवणारा एजंट म्हणाला, "वहिनी, असं घर परत मिळणार नाही." पुराचं विचारलं तर म्हणाला, इकडं काही नाही, असलंच तर रस्त्यावर थोडं येतं. आम्ही बाहेर पडत होतो तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजींनी हाक मारली, पाणी प्यायला बोलावलं, आणि मग मला आत नेऊन भिंतीवर एक रेघ दाखवली. माझ्या डोक्याच्या वर. "ताई, ही 2019 ची. घर चांगलंय की त्यांचं, पण पाणी कुठवर आलतं ते बघा आधी, मग पैसं द्या." त्यांच्या घरातली लग्नातली भांडी, गाद्या, नातवाची पुस्तकं सगळं गेलं होतं, आठ-दहा दिवस दुसऱ्या गल्लीत नातेवाइकांच्या माडीवर काढलेले. त्या आजींचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. अजून दिवाळीला फराळ घेऊन जाते त्यांच्याकडे.

म्हणजे बघा, मला या गावाबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही, की हवा कोरडी आहे म्हणून जमीन कोरडी आहे असं समजू नका. इथला पूर इथल्या पावसानं येत नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या डोंगरात. कोयना धरण 105 टीएमसीचं (म्हणजे 105 अब्ज घनफूट), ते भरत आलं की पाणी सोडतात, वारणेकडून चांदोली धरणाचं येतं आणि वारणा कृष्णेला मिळते ती सांगलीच्या अगदी शेजारी हरिपूरला. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते, ती भरलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला तयार नसतं, आणि नदीला इथं उतार कमी, वळणं जास्त, त्यामुळं पाणी चढतं तसं उतरत नाही, मुक्काम ठोकतं. त्याच्याही पुढं कर्नाटकात अलमट्टी धरण, त्यावर तर इथं प्रत्येक चहाच्या टपरीवर वाद. तुमच्या अंगणात भुरभुर पाऊस, छत्रीसुद्धा लागत नाही, आणि तीन गल्ल्या सोडून खाली बोट चालतीय, हे मुंबईच्या माणसाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

म्हणूनच ऑगस्टचा महिना राहिलो ते बरं झालं. ऑगस्टमध्ये सांगलीत नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारतात, आयर्विनला किती फूट? आयर्विन पूल 1929 चा, त्याच्यावर पाण्याची पातळी मोजतात, 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका. 2005 ला मोठा पूर आला, मग 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि 2021 ला परत. घर बघायला जाल तेव्हा एजंटला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा, किराणावाल्याला विचारा, पेपर टाकणाऱ्या पोराला विचारा, आणि तिन्ही सालं वेगवेगळी विचारा. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी, नदीकाठची ही नावं आली की आधी रेघ बघायची. शामरावनगरकडं तर काळी माती, पाणी मुरत नाही, पूर नसला तरी जोराच्या पावसात साचतं. ही माणसं राहतात, परत परत घर उभं करतात, त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे, पण म्हातारपणी नव्यानं येणाऱ्यानं तिथं घर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. विश्रामबाग, वॉन्लेसवाडी, मिरजेचा पंढरपूर रोडकडचा भाग हे वर आहेत. मिरजेतसुद्धा कृष्णाघाटाकडं पाणी येतं हे विसरू नका.

आम्ही शेवटी सांगली-मिरज रोडला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये आधी वर्षभर भाड्यानं राहिलो आणि मग तिथंच विकत घेतलं. डोंबिवलीचा वन बीएचके विकून इथं टू बीएचके आला आणि वर एफडीत टाकायला रक्कम उरली. एकच, काळ्या मातीवरच्या बिल्डिंगला भेगा जातात कधी कधी, त्यामुळं पाया कसा घेतलाय ते एखाद्या इंजिनिअरला घेऊन जाऊन बघून घ्या, चार पैसे जातील पण जाऊ देत.

आता तब्येतीचं, कारण त्यासाठीच आलो. ह्यांचा दमा गेला नाही. पण अडीच वर्षांत रात्रीचं ॲडमिट करायची वेळ एकदाही आली नाही, पावसाळ्यात रोज लागणारं नेब्युलायझर आता कधीतरी लागतं. माझे गुडघे दुखतात पण सकाळी उठल्यावर जो आखडलेपणा असायचा तो कमी झालाय, यात हवेचा भाग किती आणि रोज चालण्याचा किती ते डॉक्टर जाणोत. बुरशी मात्र पूर्ण गेली. पापड-कुरडया दोन उन्हांत खणखणीत वाळतात, साबुदाण्याच्या चकल्या तर एका दिवसात. पहिल्या उन्हाळ्यात मी येड्यासारखं वाळवण घातलं, मुलीकडं पुण्याला चार डबे पाठवले, शेजारच्या बायका मदतीला आल्या आणि त्याच दिवशी खऱ्या ओळखी झाल्या.

पण कोरड्या हवेचे त्रासही लिहिले पाहिजेत. फेब्रुवारीपासून टाचा फुटतात, ओठ फुटतात, पहिल्या उन्हाळ्यात ह्यांच्या नाकातून दोनदा रक्त आलं, आम्ही घाबरलो, डॉक्टर म्हणाले हवा कोरडी म्हणून, रात्री नाकात तुपाचं बोट लावा आणि पाणी जास्त प्या. तहान लागत नाही पण अंगातलं पाणी जात असतं, म्हाताऱ्या माणसांनी हे लक्षात ठेवायलाच हवं, मी अलार्म लावते पाण्याचा. मार्च-एप्रिलमध्ये धूळ. मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, मग अचानक दुपारी आभाळ येऊन वळीव कोसळतो, गारा पण पडतात. आणि दम्याच्या माणसासाठी सर्वात वाईट म्हणजे ऊसतोडीच्या दिवसांत शेतात पाचट जाळतात त्याचा धूर. संध्याकाळी काळी काजळी उडत गॅलरीत येते. त्या दिवसांत आम्ही पाचनंतर खिडक्या लावून घेतो आणि हे सकाळी उशिरा फिरायला जातात. शिवाय पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजतं, त्यानंही शिंका-धाप सुरू होते. गावाच्या अगदी कडेला, शेतालगत, "निसर्गाच्या सान्निध्यात" वगैरे स्कीम असतात ना, दमा असेल तर त्या घेऊ नका, गावाच्या मधे राहा.

आणि पाऊस कमी म्हणजे ऑगस्टची हवा कोरडी असं पण नाही. आभाळ भरलेलं, दमट वारा, भुरभुर. चादरी वाळतात पण दीड दिवस घेतात. खरा जोराचा पाऊस आम्ही सप्टेंबरात आणि परतीच्या वेळेला बघितला. कोरडी हवा म्हणाल तर नोव्हेंबर ते मे, ते सहा-सात महिने खरे सोन्यासारखे.

दवाखाने हा तर मिरजेचा जीव. 1962 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कॅन्सरचं वेगळं हॉस्पिटल आहे, हाडांचे, डोळ्यांचे, हृदयाचे सगळे डॉक्टर एका रस्त्यावर भेटतात. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून पेशंट येतात, त्यामुळं ओपीडीत मराठीएवढीच कानडी ऐकू येते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथंच झालं, सकाळी गेले दुपारी घरी, रिक्षानं. एका खासगी हॉस्पिटलात मात्र ह्यांच्या साध्या खोकल्याला नको त्या तपासण्यांची लांबलचक यादी हातात दिली, नाव लिहीत नाही, पण सांगायचं म्हणजे मोठी बिल्डिंग बघून जाऊ नका, एक घरचा डॉक्टर धरा आणि त्याच्या सल्ल्यानंच पुढं जा. आमचे डॉक्टर वय वर्षं पंचाहत्तर, तपासायला वीस मिनिटं घेतात आणि शेवटी विचारतात, जेवण जातंय का आजोबा?

येण्याजाण्याचं बघायचं तर मिरज जंक्शन हे मोठं सुख. महालक्ष्मीनं रात्री मुंबईत बसलं की पहाटे मिरज, दिवसा कोयना आहे, 2024 पासून आठवड्यातले काही दिवस वंदे भारतपण थांबते. पंढरपूरला रेल्वेनं जाता येतं. विमानाला कोल्हापूर गाठावं लागतं, पन्नासेक किलोमीटर. सांगली ते मिरज सिटी बस आहे, वडाप म्हणजे शेअरच्या गाड्या आहेत, पण चढउतार करताना ज्येष्ठांची कसरत होते, पायऱ्या उंच आणि ड्रायव्हरला घाई. फुटपाथ नावालाच. संध्याकाळी मेन रोडला चालणं मला अजून जमत नाही, आम्ही आमराईत जातो नाहीतर कॉलनीतच फेऱ्या मारतो. महापालिकेनं बाकी काही नको, चालायला सलग पाच किलोमीटर रस्ता दिला तर अर्ध्या ज्येष्ठांची औषधं कमी होतील असं मला मनापासून वाटतं.

खाण्याचं वेगळं सांगायला नको. शाळूची भाकरी, ताजी वांगी, मंगळवेढ्याकडची ज्वारी, तासगावचे बेदाणे, भडंग. हळद तर काय, सांगलीची हळद म्हणजे मानाची, मार्केट यार्डाकडं सीझनला गेलं की हवेलाच वास असतो. हरिपूरला पूर्वी जमिनीत पेवं असायची, खोल खड्ड्यात हळद साठवायची, कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि ती पेवं गेली. एका जुन्या व्यापाऱ्यानं मला ती जागा दाखवली. हवा कोरडी पण जमीन बघून घ्या, हे मी वर लिहिलंय ना, त्या हळदीनं पण तेच भोगलं.

ज्यांना गाण्याचं वेड आहे त्यांनी तर मिरजेचा विचार करावाच. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, 1937 मध्ये गेल्यावर इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. दरवर्षी उरुसाला तिथं संगीत सभा होते, रात्र रात्र, तिकीट नाही, जमिनीवर बसायचं. पहिल्या वर्षी हे म्हणाले थोडा वेळ बसून येऊ, आणि आम्ही पहाटे घरी आलो. सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे टांगून वाळत ठेवलेले असतात, त्यातून तंबोरा होतो. मूळचे शिकलगार, हत्यारं बनवणारी माणसं, ती वाद्यांकडं वळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. तिथल्या एका चाचांकडं ह्यांनी या वयात पेटी सोडून तंबोरा लावायला शिकायला सुरुवात केली, आता रोज संध्याकाळी घरात षड्ज-पंचम चालू असतो. दमेकरी माणूस सूर धरून बसलाय, याहून मला काय पाहिजे.

सांगलीला नाटकाचं तसंच. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथंच सीतास्वयंवर केलं, त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, चांगले प्रयोग येतात. नगर वाचनालय दीडशे वर्षांपूर्वीचं, 2019 च्या पुरात पुस्तकं भिजली, तरी ते परत उभं राहिलंय. मी तिथली वर्गणी भरलीय आणि माझ्याकडची चांगली पुस्तकं पण देऊन आले.

एकटेपणाबद्दल लिहायचं टाळणार नाही. पहिले चार महिने फार वाईट गेले मला. डोंबिवलीत खाली उतरलं की दहा ओळखीचे, इथं कुणी नाही, आणि भाषा मराठीच असली तरी चाल वेगळी. "काय करालाय काकू?" असं कुणी विचारलं की आधी वाटायचं ही काय उद्धट बोलतात. तसं नाहीये, ती मायेची चौकशी आहे हे कळायला वेळ लागला. "या की," "बसा की," "खावा की," या की-नं मला जिंकलं. पण हे आपोआप होत नाही, भजनी मंडळात जा, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला, गणपतीत आरतीला उभ्या राहा. दोघांपैकी एकजणच उरल्यावर काय, हाही विचार आधी करा. आम्ही मुलीशी बोलून ठेवलंय, ती पुण्यात, साधारण पाच तासांवर, त्यापेक्षा लांब मी गेले नसते.

स्टार द्यायचे तर पाचापैकी चार. एक स्टार कापला तो धूर, फुटपाथ आणि नदीकाठी सर्रास विकली जाणारी घरं यांच्यासाठी. कुणाला यायचं असेल तर ऑगस्टमध्ये या, महिनाभर खोली घ्या, आयर्विनवर उभं राहून पाणी बघा. आणि समोरच्या घरात एखादी आजी दिसली तर तिच्याकडं आधी पाणी प्यायला जा.